‘ही शेवटाला चालती का?’ : मुलांच्या पुस्तकांतली अपंग पात्रं कशी तपासायची

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या एका खोलीत मुलांचं वाचनालय चालतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पंचवीस-तीस पोरं येतात. मी आणि माझी एक मैत्रीण पुस्तकं देतो-घेतो आणि तासभर वाचून दाखवतो. तीन वर्षांपूर्वी मी ‘हायडी’ची छोटी मराठी आवृत्ती वाचत होते. ऐकायला तिसरीतली एक मुलगी होती. ती वॉकर घेऊन चालते. (नाव लिहीत नाही, पंचक्रोशीत लगेच ओळखतील.) गोष्टीत चाकाच्या खुर्चीतली क्लारा आली तशी ही पुढे सरकली आणि मधेच म्हणाली, “बाई, ही शेवटाला चालती का?”

मी म्हटलं, “हो, चालते.”

तिनं मान हलवली आणि उरलेली गोष्ट वॉकरच्या रबराशी चाळा करत काढली.

‘हायडी’ 1880-81 सालची. पुढे 1911 साली आलेल्या ‘द सिक्रेट गार्डन’मधला कॉलिनही अंथरूण सोडून चालायला लागतो. दोन्ही पुस्तकं मला लहानपणापासून आवडतात, अजूनही आवडतात. पण त्या मुलीच्या जागी बसून ऐकलं, तर दोन्ही गोष्टी एकच सांगतात: आनंदाचा शेवट हवा असेल तर आधी पाय बरे व्हायला हवेत. तिचे पाय ‘बरे’ होणार नाहीत. मग तिच्या गोष्टीचा शेवट कुठला?

तेव्हापासून आम्ही कपाट तपासायला घेतलं. सुरुवातीला बऱ्याच चुका केल्या. तुमच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरी हे करायचं असेल, तर आता मी ज्या क्रमानं करेन तो खाली देते.

काय काय लागेल

- पुस्तकांची दाखल नोंदवही. ती नसेल तर आधी ती करा.
- दोनशे पानी वही, पेन्सिल, पुस्तकात घालायला कागदाच्या पट्ट्या
- एक जोडीदार. एकट्यानं केलं की आपल्या आवडत्या पुस्तकांना माफी मिळते.
- अपंगत्वासह जगणारी किमान एक मोठी व्यक्ती, तिच्या सवडीनं (पायरी 5 बघा)
- शाळेचं वाचनालय असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. नवी खरेदी करायची तर दरपत्रकं, जुनी पुस्तकं काढायची तर निर्लेखनाची नोंद. मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्या, नंतर धावपळ होते.

1. कपाट उपसा, पण काही फेकू नका

सगळी पुस्तकं खाली काढा. ज्यात अपंग पात्र आहे, मग ते एका ओळीपुरतं का असेना, ते पुस्तक बाजूला ठेवा. आमच्याकडे चारशेच्या आसपास पुस्तकं होती, त्यातून जेमतेम एका पिशवीत मावतील एवढी निघाली. त्यात कोण होतं? देवळाबाहेरचा आंधळा भिकारी, एकाक्ष दरोडेखोर, लंगडा सावकार, पाठीला कुबड असलेली म्हातारी चेटकीण. आणि मंथरा, चार वेगवेगळ्या रामायणांतून चार वेळा.

वाईट माणूस दिसायलाही वाकडा दाखवायचा, ही जुनी युक्ती आहे. चित्रकाराचं काम सोपं होतं. मंथरेच्या पाठीवर कुबड आहे आणि ती कपटी आहे. मथुरेतल्या कुब्जेच्या पाठीवरही कुबड आहे, ती चांगली आहे, म्हणून कृष्ण तिला सरळ करतो. दोन्ही कथा ओळीनं वाचल्या तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की कुबड घेऊनच सुखानं नांदणारी बाई आपल्याकडच्या गोष्टीत भेटतच नाही. म्हणून ही पुस्तकं काढून टाकायची का? मुळीच नाही. रामायण काढून टाकणारं वाचनालय मी चालवणार नाही. फक्त कपाटात आणखी काय असायला हवं, ते यावरून कळतं.

सापळा: खलनायक अपंग आहे म्हणून पुस्तक लगेच वाईट ठरवू नका. 1883 सालच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला लाँग जॉन सिल्व्हर एका पायाचा आणि लबाड. पण तो स्वयंपाक करतो, गोड बोलतो, कुबडी घेऊन जहाजभर सफाईनं वावरतो, आणि अख्ख्या पुस्तकात सगळ्यांत जिवंत माणूस तोच आहे. पाय नाही म्हणून तो दुष्ट नाही, सोनं हवंय म्हणून दुष्ट आहे. हा फरक धरून ठेवा, पुढच्या पायरीत तोच कामाला येतो.

2. प्रत्येक पुस्तकाला एक मोठा प्रश्न आणि चार छोटे

मोठा प्रश्न: या पात्राला काय हवंय?

आम्ही आधी वीस प्रश्नांची यादी केली होती. ती भरता भरता दोन शनिवार गेले आणि हाती काहीच लागलं नाही. मग सगळी यादी बाजूला ठेवून हा एकच प्रश्न विचारायला लागलो. पात्राला पतंग हवाय, परीक्षेत पास व्हायचंय, भावाचा सूड घ्यायचाय, जत्रेत पाळण्यात बसायचंय, काहीही चालेल. पण उत्तर ‘त्याला फक्त बरं व्हायचंय’ असं आलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर ते पात्र नसून सजावट आहे. बऱ्याच गोष्टींत व्हीलचेअरवरचा मुलगा येतो तो दुसऱ्या मुलाला दयाळू बनवण्यासाठी. दुसरा मुलगा सुधारला की ह्याचं काम संपतं. गोष्ट ‘संवेदनशील’ म्हणून बक्षीसही मिळवते.

छोटे प्रश्न:

*त्याला नाव आहे का?* खेड्यात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ‘लंगड्या’, ‘बहिरा तात्या’ अशा हाका आपण रोज ऐकतो. पुस्तकातही सगळ्यांना नावं आणि याला फक्त ‘आंधळा मुलगा’ असेल, तर नोंद करा.

*तो चुकू शकतो का?* खोटं बोलणारा, हट्टी, आळशी अपंग मुलगा पुस्तकात दुर्मीळ असतो. कायम सोशिक आणि गोड मूल दिसलं की मी सावध होते.

*बदललं कोण?* मूल बदललं, की रस्ता, वर्ग, खेळाचे नियम बदलले? आपल्या शाळांतून ‘मूकं करोति वाचालं पंगुं लङ्घयते गिरिम्’ म्हणतात. मुका बोलेल, पांगळा डोंगर ओलांडेल. आमची ही मुलगी गेल्या दिवाळीत अजिंक्यताऱ्यावर जाऊन आली. गडावर गाडीरस्ता आहे, मामाची रिक्षा आहे, एवढंच. श्लोक म्हणायला माझी हरकत नाही. पण गाडीरस्त्याची गोष्ट सांगणारी पुस्तकं मला जास्त हवीत.

*भरपाई म्हणून चमत्कारी शक्ती दिलीय का?* दृष्टी नाही म्हणून मैलभर लांबचं ऐकू येतं, चालता येत नाही म्हणून गणितात अफाट डोकं. दृष्टिहीन मूल आवाजाकडे जास्त लक्ष देतं, ते सवयीनं. आपण अंधारात जिना चढताना देतो तसंच. एखादं मूल अपंगही असेल आणि गणितात नापासही.

सापळा: अष्टावक्राची गोष्ट. राजसभा त्याच्या वाकड्या अंगाला हसते आणि तो सगळ्यांना गप्प करतो, म्हणून ती ‘चांगल्या’ गठ्ठ्यात जाते. मीही तिथंच ठेवली होती. पण अनेक आवृत्त्यांत त्याचं उत्तर असं असतं की ही तर चामडं पारखणाऱ्या चर्मकारांची सभा. म्हणजे एकाचा अपमान पुसायला दुसऱ्या समाजाचा केला. जोडीदारानं हे दाखवलं तेव्हा मला शरम वाटली, कारण ही गोष्ट मी दहा वेळा तरी सांगितली असेल.

3. चित्रं वेगळी बघा, मजकूर झाकून

मजकुरावर कागद ठेवून फक्त चित्रं बघत जा. चित्रकारानं खरं माणूस बघून काढलंय की मनानं, ते लगेच कळतं.

- व्हीलचेअर: प्रत्येक चित्रात मागून कुणीतरी ढकलतंय का? मूल स्वतः चाक फिरवतंय असं एक तरी चित्र आहे का? खुर्ची दवाखान्यातली मोठ्या माणसांची काढलेली असते, मुलाचे पाय लोंबकळत असतात.
- पांढरी काठी: म्हातारपणीच्या काठीसारखी टेकून धरलेली दिसते. खरं तर ती पावलापुढे डावीकडून उजवीकडे फिरवतात, पुढचं चाचपायला.
- कानाचं मशीन: काढलंय का, आणि ‘ते लावलं की सगळं छान ऐकू येतं’ असं दाखवलंय का? मशीननं आवाज मोठा होतो, पण गोंगाटातून शब्द वेगळे काढणं अवघडच राहतं.
- खुणांची भाषा: इथं फार मोठा घोळ असतो. परदेशी पुस्तकांवरून उचललेल्या तक्त्यांत अमेरिकन अक्षरं असतात, ती एका हातानं करतात. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात. भिंतीवर तक्ता लावण्याआधी हात मोजा.
- ब्रेल: एका अक्षराच्या चौकटीत सहा टिंबांची जागा असते, दोन रांगांत तीन-तीन. चित्रात नुसते ठिपके शिंपडले असतील तर कुणी तपासलेलं नाही.
- कृत्रिम पाय: परदेशी चित्रातला धातूचा पाय आपल्याकडे दिसत नाही असं नाही. पण 1968 च्या सुमारास तयार झालेल्या जयपूर फूटचं वैशिष्ट्यच हे की तो लावून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, शेतात अनवाणी चालता येतं. तशी बसलेली आजी मला एकाही पुस्तकात सापडलेली नाही. चित्रकार वाचत असतील तर कृपया काढा.

आणखी एक. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, 1995 च्या कायद्यात 7 होते. पुस्तकांतून मात्र तीनच भेटतात: डोळे, कान, पाय. स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, अध्ययन अक्षमता (लिहिता-वाचताना अडखळणं) चित्रात दाखवणं अवघड, म्हणून गोष्टीतूनही गळतात. आणि वाचनालयात येऊन नुसती चित्रं चाळणारं, अक्षरांना टाळणारं मूल तुमच्याकडेही असेल.

4. जुन्या शब्दांचं काय करायचं

खोडू नका. आम्ही एका पुस्तकात पांढरी शाई लावली, तर पोरांनी नखानं खरवडून तेच शब्द आधी वाचले.

‘मूकबधिर’ म्हणण्यापेक्षा ‘कर्णबधिर’ म्हणा. ऐकू न येणाऱ्याला आवाज असतो, आणि खुणांची भाषा असली तर तो भरपूर बोलतो. ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक अक्षमता असलेला’. हा शब्द लांबलचक आहे, मान्य. ‘दिव्यांग’ की ‘अपंग’ यावर भांडण आहे. सरकारी कागदावर दिव्यांग लिहावंच लागतं, पण माझ्या ओळखीचे अनेकजण म्हणतात, “आमच्यात दिव्य काय? बस मिळाली तरी पुरे.” म्हणून मी इथे अपंग लिहिलंय. समोरची व्यक्ती स्वतःला काय म्हणवते ते विचारून घ्यावं.

म्हणींचं विचाराल तर ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ किंवा ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ अभ्यासाच्या पुस्तकांत येणारच. मुलांना एकदा विचारा, की या म्हणी आपण कुणासमोर म्हणणार नाही आणि का. आमच्या पोरांनी दहा मिनिटं वाद घातला. आंधळी कोशिंबीर आणि लंगडी हे खेळ मात्र चालूच आहेत. वॉकरवालीनं लंगडीत पंच व्हायचा हक्क मिळवलाय आणि ती अतिशय पक्षपाती पंच आहे.

5. माणसाला विचारा, पण मुलाला उभं करू नका

माझी सगळ्यात मोठी चूक इथं झाली. एक नवं पुस्तक वाचून झाल्यावर मी त्या मुलीला म्हटलं, “तू सांग, तुला कसं वाटलं?” तीस जोडी डोळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, “चांगलंय,” आणि पुढचे दोन शनिवार आली नाही. तिची आई भेटल्यावर म्हणाली, “ताई, ती तिकडं गोष्टी ऐकायला येती, उत्तरं द्यायला न्हाई.”

म्हणून मोठ्या माणसांना विचारा. आम्ही साताऱ्यात नोकरी करणाऱ्या एका दृष्टिहीन सरांना आठ पुस्तकं वाचून दाखवली. मला ज्या पुस्तकात डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी चौथ्या पानावर थांबवायला सांगितलं. म्हणाले, “बाई, ह्या पोराला गोष्टीत एकदा तरी भूक लागते का? सारखा अंधाराबद्दलच विचार करतोय. मला दिवसभरात अंधाराची आठवण येत नाही, पगाराची येते.”

शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकायला मदत करणारे विशेष शिक्षक असतात. पालकांशी गाठ घालून द्यायला त्यांची मदत होते. जाताना पुस्तकं सोबत न्या, नुसती चर्चा नको. आणि कुणाचा अर्धा दिवस घेतलात तर प्रवासखर्च द्या. ‘समाजकार्य आहे’ म्हणून अपंग माणसाचा वेळ फुकट घ्यायची सवय आपल्याला फार आहे.

6. नवी पुस्तकं कुठून आणायची

आधी चाळा, मग घ्या. आपल्या जिल्ह्याचं भाग्य असं की पाचगणीजवळ भिलार आहे. 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव झालं. गावातल्या घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बालसाहित्यही आहे. वहीतला मोठा प्रश्न घेऊन तिथं एक दिवस बसा. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा, गर्दीत वाचन होत नाही.

फुकट हवं असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. मराठीत खूप गोष्टी आहेत आणि परवाना खुला आहे: लेखक-चित्रकाराचं श्रेय देऊन छापता येतं, भाषांतर करता येतं. आम्ही आमच्या बोलीत दोन गोष्टी केल्या. छापताना साध्या कागदावर रंगीत प्रिंट महाग पडते, कृष्णधवल काढून मुलांना रंगवायला द्या.

मूल दृष्टिहीन असेल किंवा छापील मजकूर वाचू शकत नसेल, तर सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन संग्रहाचं सदस्यत्व घ्या. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला जवळ ठेवा. 2012 च्या दुरुस्तीनंतर भारताच्या कॉपीराइट कायद्यात अशा वाचकांसाठी पुस्तकाचं ब्रेल किंवा ध्वनिरूप करायला सूट आहे, आणि याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश, 2014 साली. तेव्हा शेजारच्या दृष्टिहीन मुलासाठी धडा मोबाइलवर वाचून ठेवताना घाबरू नका. मात्र ती फाइल सगळ्या गावाच्या ग्रुपवर टाकू नका, सूट त्या वाचकापुरती आहे.

स्पर्शाची पुस्तकं घरी होतात. जाड पुठ्ठा, सुतळी, पॉलिश पेपर, मखमलीचा तुकडा. मसूर चिकटवू नका, पावसाळ्यात किडे लागतात.

7. वाचून दाखवताना

ही पुस्तकं 3 डिसेंबरला, अपंग दिनाला बाहेर काढून 4 तारखेला आत ठेवायची असतील, तर एवढा खटाटोप करूच नका. वेगळा कप्पाही नको. ‘दिव्यांग विभाग’ अशी पट्टी आम्ही हौसेनं लावली होती. त्या कप्प्याला कुणी हात लावेना. पुस्तकं भुताच्या, माकडाच्या, चोर-पोलिसांच्या गोष्टींत मिसळल्यावर जायला लागली.

वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलात’ विचारू नका. ‘पुढं काय झालं असेल’ विचारा. आणि जुनी गोष्ट वाचताना शेवट बदलू नका, पण मुलांना बदलू द्या. ‘हायडी’ परत वाचली तेव्हा एका पोरानं सुचवलं की शेळ्या राखणाऱ्या पीटरनं खुर्ची दरीत ढकलल्यावर क्लारानं त्याच्याकडून नवीन खुर्चीचे पैसे वसूल करावेत. वॉकरवाली खो खो हसली आणि हप्त्यांचा हिशोब घालायला लागली.

8. दार बघा

हे मला सगळ्यात शेवटी सुचलं. पुस्तकात रॅम्प आहे का म्हणून आम्ही वहीत खुणा करत होतो, आणि आमच्याच खोलीला तीन पायऱ्या. ती मुलगी कठडा धरून चढते, वॉकर दुसरं कुणीतरी आणतं.

पायऱ्यांची एकूण उंची मोजा. उतार एकास बारा धरतात: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आमच्या तीन पायऱ्या मिळून 18 इंच, म्हणजे 18 फूट रॅम्प. अंगण 12 फुटांचं, त्यामुळे मधे वळण घ्यावं लागणार, आणि वळणाला सपाट जागा सोडावी लागते. गवंडी ‘आठ फुटात बसवतो’ म्हणाला तर ऐकू नका, तो घसरगुंडी बांधेल. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून हातभर उंच ठेवा आणि मुलांची पुस्तकं त्याच्या वरच्या दोन कप्प्यांत, बसून हात पोचेल अशी.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून मागणी करता येते. अर्ज ग्रामसभेआधी द्या, सोबत मोजमापाचा कागद आणि खोलीचा फोटो जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीसह पोच घ्या. आम्ही पहिला अर्ज तोंडी सांगून टेबलावर ठेवला होता, तो कुठं गेला कळलं नाही. दुसऱ्याची पोच दाखल नोंदवहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवली आहे.